एंजिनाचें नवें हेड आणि जुनी दांडी

नांदेड जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठानें किंवा लातूर जिल्ह्यांत मांजरेच्या कांठानें उन्हाळ्याच्या दिवसांत जाणाऱ्यास डिझेल एंजिनाचे ठोके अजूनही कोठें ना कोठें ऐकूं येतात. विजेच्या मोटारींनीं या एंजिनाची बरीचशी जागा घेतली असली, तरी जेथें तारा पोंचल्या नाहींत किंवा ऐन वेळीं वीज मिळत नाहीं, तेथें ऊंस, केळी आणि हळद यांचें पाणी त्याच्याच भरंवशावर असतें. शहरांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची शेती गांवीं असते. एंजिन बंद पडल्याचा निरोप त्यामुळें शहरांतील घरींच येतो, आणि दुरुस्तीवर किती खर्च करावयाचा हेंही तेथेंच ठरतें.

अशा निरोपांत एक प्रकार वारंवार आढळतो. हेडला चीर गेली म्हणून बाजारांतून नवें हेड आणून बसविलें. तें हेड चांगल्या प्रतीचें आहे, मिस्त्रीही हुशार आहे. तथापि एंजिन पूर्वीसारखें चालत नाहीं. तें सुरू होण्यास त्रास देतें, वरच्या बाजूनें टकटक आवाज करतें, धूर अधिक सोडतें, आणि महिना-दोन महिन्यांत धुराची झडप जळून जाते. मालक हेड विकणाऱ्यास दोष देतो, विकणारा मिस्त्रीस देतो. वास्तविक अपराध पुष्कळदां या दोघांकडेही पूर्णपणें नसतो. नव्या हेडखालीं जी जुनी दांडी तशीच उभी केलेली असते, तिची लांबी आतां योग्य राहिली आहे कीं नाहीं हें कोणीं पाहिलेलेंच नसतें. कारागिरांच्या भाषेंत या दांडीस पुशरॉड म्हणतात. हेडच्या मानानें तिची किंमत अगदींच थोडी. परंतु तिच्या चुकीनें होणारें नुकसान हेडच्या किंमतीहून मोठें होऊं शकतें.

ही दांडी करते तरी काय? चार धावांच्या एंजिनांत दट्ट्याच्या पहिल्या धावेंत हवा आंत येते, दुसरींत ती दाबली जाते, तिसरींत तेल जळून दट्ट्या खालीं ढकलला जातो आणि चौथींत धूर बाहेर जातो. हवा आंत घेणारी एक आणि धूर बाहेर सोडणारी एक अशा दोन झडपा हेडमध्यें, म्हणजे सिलिंडरवरील झांकणांत असतात. त्या केव्हां उघडावयाच्या हें ठरविणारा कॅमचा दांडा मात्र खालीं, एंजिनाच्या पोटांत असतो. कॅम म्हणजे एका बाजूस उंचवटा असलेलें चाक. उंचवटा फिरत आला म्हणजे त्यावर टेकलेला टॅपेट वर उचलला जातो; टॅपेटवर उभी असलेली दांडी वर सरकते; दांडीचें वरचें टोक रॉकरच्या एका बाजूस ढकलतें; आणि तराजूच्या दांडीप्रमाणें मध्यें टेकू घेतलेला रॉकर आपल्या दुसऱ्या बाजूनें झडपेचा देठ दाबून ती उघडतो. उंचवटा निघून गेला कीं झडपेची स्प्रिंग ही सारी साखळी पुन्हां जागेवर आणते.

मिनिटास १५०० फेरे करणाऱ्या एंजिनांत कॅमचा दांडा निम्म्या वेगानें फिरतो. म्हणून प्रत्येक झडप मिनिटाला ७५० वेळां आणि तासाला ४५,००० वेळां उघडते. रात्रीं आठ तास पाणी चाललें तर तेवढ्या वेळांत प्रत्येक दांडीला ३,६०,००० वेळां हा धक्का खालून वर पोंचवावा लागतो. एखाद-दुसऱ्या वेळीं क्षम्य वाटणारी चूक एका रात्रींत साडेतीन लाखांहून अधिक वेळां घडली, तर ती क्षम्य रहात नाहीं.

या साखळींत एक बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते. एंजिन तापलें कीं झडपेचा देठ लांबतो. फट नसेल तर झडप आपल्या बैठकीवर पुरती टेकत नाहीं. जळते वायू त्या फटींतून निसटतात आणि झडपेची कड जाळून टाकतात. फट फार मोठी असेल तर झडप उशिरा उघडते, लौकर मिटते आणि प्रत्येक वेळीं आपटते. ही फट मिलिमीटरच्या कांहीं दशांशांइतकीच असते. तिचा नेमका आंकडा त्या त्या एंजिनाच्या पुस्तकांत दिलेला असतो. ती कमी-अधिक करण्यासाठीं बहुतेक एंजिनांत रॉकरच्या दांडीकडील टोकाला एक स्क्रू आणि त्याला जखडणारा नट असतो. हा स्क्रू आहे म्हणूनच दांडीच्या लांबीकडे कोणी लक्ष देत नाहीं. "थोडें सेटिंग केलें कीं झालें" असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या समजानेंच एंजिनें बिघडतात.

नवें हेड जुन्यासारखें दिसत असूनही वेगळें कां असतें, याला थोडा इतिहास आहे. १९३० च्या सुमारास इंग्लंडांतील डर्सली गांवच्या लिस्टर कंपनीनें पांच अश्वशक्तीचें, मिनिटास ६०० फेरे करणारें उभ्या सिलिंडरचें डिझेल एंजिन बाजारांत आणलें. त्याचा बांधा इतका साधा आणि टिकाऊ होता कीं पुढें भारतांत, विशेषतः राजकोटच्या कारखान्यांतून, त्याच धर्तीचीं एंजिनें वर्षानुवर्षें तयार झालीं. महाराष्ट्रांत साताऱ्याच्या कूपर कारखान्यानें आणि १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स कंपनीनें शेतकऱ्यांसाठीं एंजिनें बनविलीं. किर्लोस्करांचें ए. व्ही. वन हें ८० मिलिमीटर व्यासाचें, ११० मिलिमीटर धावेचें, पांच अश्वशक्तीचें एंजिन तर खेडोपाडीं परिचयाचें झालें. एंजिनें इतकीं पसरल्यावर त्यांचे सुटे भाग मूळ कारखान्याखेरीज इतरांनींही बनवावे हें स्वाभाविकच होतें. असा परका भाग वाईटच असतो असें नाहीं. पण बोल्टांचीं भोकें जुळणें निराळें आणि सर्व उंच्या जुळणें निराळें. हेडची जाडी, रॉकरच्या टेकूची उंची, झडपेच्या देठाची लांबी आणि बैठकीची खोली यांपैकीं कोणतीही एक गोष्ट अर्ध्या मिलिमीटरनें बदलली, तरी बाहेरून तें हेड अगदीं तसेंच दिसतें.

मराठवाड्यांत हेड बदलण्याची पाळी येण्यास पाणीही कारण होतें. काळ्या खडकांतून विहिरींत उतरणारें पाणी बहुधा जड असतें. तेंच एंजिन थंड ठेवण्यास वापरलें म्हणजे त्यांतील क्षारांचीं पुटें हेडमधील पाण्याच्या वाटांत चढतात आणि उष्णता बाहेर निघण्यास अडथळा होतो. दोन झडपांमधील अरुंद भाग सर्वांत अधिक तापतो. त्यांत विहीर तळाला जाऊन पाणी मध्येंच तुटलें आणि लालबुंद तापलेल्या एंजिनावर घाईनें गार पाणी सोडलें, तर नेमकी तेथेंच चीर जाण्याची भीति असते. चीर गेली नाहीं तरी तापून वाकलेलें हेड लेथवर सपाट करून घ्यावें लागतें. आणि सपाट केलेलें हेड हेंही, मापाच्या दृष्टीनें, एक नवेंच हेड होय.

आतां लांबी कशानें बदलते तें पाहूं गेल्यास हिशेब सोपा आहे. नवें हेड जाड असेल तर रॉकरचा टेकू वर जातो. तेवढी दांडी लांब हवी. हेड घासून पातळ केलें किंवा गॅस्केट पातळ घातलें तर टेकू खालीं येतो. तेवढी दांडी आखूड हवी. बैठक खोल असेल किंवा झडपेचा देठ लांब असेल, तर देठाचें टोक रॉकरकडे वर येतें. रॉकरची झडपेकडील बाजू उचलली गेल्यामुळें दांडीकडील बाजू खालीं झुकते. म्हणून येथेंही दांडी आखूड हवी. मात्र रॉकरच्या दोन बाहू सारख्या लांबीच्या नसतील तर हा शेवटचा फरक त्यांच्या प्रमाणानें भागावा लागतो.

उदाहरणादाखल असें समजावें कीं, नव्या हेडमध्यें टेकूची उंची १.२ मिलिमीटरनें अधिक आहे, गॅस्केट ०.३ मिलिमीटरनें पातळ आहे, आणि देठाचें टोक टेकूच्या मानानें ०.६ मिलिमीटर वर आलें आहे. रॉकरची झडपेकडील बाजू दांडीकडील बाजूच्या दीडपट आहे. १.२ मधून ०.३ वजा केले म्हणजे ०.९ उरले. ०.६ ला दीडनें भागलें म्हणजे ०.४ आले; ते वजा जातां शिल्लक ०.५. दांडी अर्धा मिलिमीटर लांब हवी. येथें तीन फरकांनीं एकमेकांस बरेंच सांवरून घेतलें. ते सर्व एकाच दिशेचे असते तर फरक दोन मिलिमीटरांच्या आसपास गेला असता, आणि जुळवणीच्या स्क्रूला तो झेपेलच असें नाहीं.

स्क्रूला झेपेनासें झालें म्हणजे काय होतें? दांडी जादा लांब असेल तर स्क्रू वर घेतां घेतां त्याची गोळी रॉकरच्या पोटाला टेकते आणि पुढें वाव रहात नाहीं. फट मिळतच नाहीं, झडप किंचित् उघडीच राहते, दाब निसटतो, आणि हँडल मारणाऱ्याचे खांदे भरून आले तरी एंजिन सुरू होत नाहीं. दांडी आखूड असेल तर स्क्रू इतका खालीं सोडावा लागतो कीं वर नटाला धरण्यापुरतेही आटे उरत नाहींत. नट सैल होतो, फट वाढत जाते, आणि एखाद्या रात्रीं दांडी आपल्या वाटींतून निसटून वांकते. योग्य लांबीची खूण ही कीं, फट बरोबर असतांना स्क्रू आपल्या आट्यांच्या साधारण मध्यावर असावा, म्हणजे पुढें झीज झाली तरी दोन्ही बाजूंस वाव राहतो.

यावरून हें ध्यानांत येईल कीं दांडीची लांबी हा केवळ दांडीचा गुण नव्हे. हेड, गॅस्केट, झडप, रॉकर आणि टॅपेट या सर्वांनीं मिळून घातलेल्या प्रश्नाचें तें उत्तर आहे. प्रश्नांतील एक शब्द बदलला कीं उत्तर बदलतें. म्हणून दांडी आधीं विकत घेऊन मग एंजिन जुळविणें हा क्रम उलटा आहे. सर्व भाग बसवावे, माप घ्यावें, आणि मगच दांडी घ्यावी.

मापासाठीं दोन तुकड्यांची, आट्यांनीं लांबी बदलतां येणारी दांडी वापरतात. ती विकत न मिळाली तर चांगला लेथवाला जुनी दांडी कापून, मध्यें आटे पाडून, तशी करून देऊं शकतो. प्रथम जें गॅस्केट कायम घालावयाचें तसलेंच घालून हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमानें व ठरलेल्या जोरानें आवळावे. कारण आवळल्यावर गॅस्केट दबतें आणि न आवळतां घेतलेलें माप खोटें ठरतें. नंतर चाक हातानें फिरवून दाबाच्या धावेच्या शेवटीं दट्ट्या अगदीं वर आणावा. या स्थितींत दोन्ही झडपा मिटलेल्या आणि दोन्ही टॅपेट कॅमच्या सपाट पाठीवर असतात. जुळवणीचा स्क्रू आट्यांच्या मध्यावर ठेवून मापाची दांडी हळूहळू लांबवावी, आणि फीलर गेजची पुस्तकांत सांगितलेली पट्टी किंचित् अडखळत सरकूं लागली कीं थांबावें. ती दांडी त्याच लांबीवर जखडून बाहेर काढावी व व्हर्नियरनें मोजावी. हवेच्या आणि धुराच्या झडपेसाठीं हें माप वेगवेगळें घ्यावें. दोन्ही दांड्या सारख्या असतीलच असें गृहीत धरूं नये. दांडीचें टोक वाटीसारखें असेल तर लांबी वाटीच्या कडेपासून नव्हे, तळापासून मोजावयाची. वाटींत मावेल अशी ठाऊक व्यासाची पोलादी गोळी ठेवून माप घ्यावें आणि गोळीचा व्यास वजा करावा.

लांबीबरोबर रॉकरचा कोनही पहावा लागतो. झडप अर्धी उघडली असतां रॉकरचा टेकू आणि त्याचें झडपेवर टेकणारें टोक यांना जोडणारी रेषा देठाशीं काटकोनांत असावी. तशी ती असली म्हणजे रॉकरचें टोक देठावर कमींत कमी घसरतें. हें तपासण्यास महागडें साधन लागत नाहीं. देठाच्या टोकावर मार्कर पेनची शाई लावावी, एंजिन हातानें कांहीं वेळां पुरतें फिरवावें, आणि शाई कोठें पुसली गेली तें पहावें. पुसलेला पट्टा अरुंद आणि बहुतेक मध्यावर असेल तर ठीक. तो रुंद असेल किंवा कडेला गेला असेल, तर रॉकर देठाला बाजूस रेटीत आहे असें समजावें. अशा एंजिनांत देठाभोंवतालची गाइड लौकर झिजते. ज्या एंजिनांत रॉकर पक्क्या स्टँडवर बसतो, तेथें हा दोष दांडी बदलून जात नाहीं. स्टँडखालीं योग्य जाडीची पत्री घालून किंवा स्टँड घासून टेकूची उंची आधीं सुधारावी लागते, आणि नंतर दांडीचें माप पुन्हां घ्यावें लागतें. कांहीं मोटारगाड्यांत प्रत्येक रॉकर स्वतंत्र खुंटीवर वरखालीं होऊं शकतो. तेथें मात्र दांडीची लांबीच कोन ठरविते.

लांबी मिळाली तरी निवड संपली नाहीं. टोकांची गोलाई वाटींच्या गोलाईशीं जुळली पाहिजे. नाहींतर सारा भार एका बिंदूवर येऊन टोक खरवडलें जातें. हेडमधील भोकांतून दांडी कोठेंही न घासतां गेली पाहिजे, आणि हें झडप मिटलेली व पुरती उघडलेली अशा दोन्ही स्थितींत पहावें. कांहीं एंजिनांत दांडी पोकळ असून तिच्यांतून रॉकरला तेल जातें. तेथें भरीव दांडी घातली तर रॉकर कोरडा पडतो. दांडी सरळ आहे कीं नाहीं हें कांचेच्या तावदानावर ती लोळवून तत्काळ समजतें.

धातूचाही विचार करावा लागतो. दोनशे मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग ८० अंश सेंटिग्रेडनें तापला तर सुमारें ०.३७ मिलिमीटर वाढतो. तेवढीच पोलादी दांडी सुमारें ०.१९ वाढते, आणि बिडाचा भाग तिच्याहून किंचित् कमी. म्हणून बिडाच्या एंजिनांत पोलादी दांडी असली तर फट तापल्यावरही फारशी बदलत नाहीं. परंतु बिडाच्या हेडच्या जागीं ॲल्युमिनियमचें आलें कीं तापल्यावर फट वाढते. जुन्या हेडसाठीं पाठ असलेला आंकडा अशा वेळीं डोळे मिटून वापरूं नये.

डिझेल एंजिनांत आणखी एक धोका आहे. दट्ट्या वर आला असतां त्याच्या आणि हेडच्या मध्यें फारच थोडी जागा राहते. पातळ गॅस्केट किंवा घासलेलें हेड यांमुळें ती आणखी कमी होते, आणि दट्ट्या झडपेवर आपटण्याचा संभव उत्पन्न होतो. यासाठीं जुने मिस्त्री दट्ट्यावर शिशाची मऊ तार ठेवून, हेड आवळून, चाक हातानें फिरवीत आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजीत. ही रीत आजही तितकीच भरंवशाची आहे. एंजिनावर दाब सोडण्याचा खटका असल्यास तो झडपेला नकळत दाबून धरीत नाहीं, हेंही नवें हेड बसविल्यावर पहावें.

शहरांतील घरांचा या विषयाशीं संबंध केवळ शेतीपुरता नाहीं. १९५५ सालीं मद्रासला स्थापन झालेल्या एनफील्ड इंडिया कंपनीची बुलेट मोटारसायकल मराठवाड्यांत मोठ्या हौसेनें बाळगली जाते. तिच्या जुन्या, बिडाच्या सिलिंडरच्या एंजिनांत जुळवणीचा स्क्रू रॉकरवर नसून दांडीच्या खालच्या बाजूस असतो. थंड एंजिनावर दांडी बोटांनीं मोकळी फिरावी, पण वरखालीं हलूं नये, अशी तिची जुळवणी असते. २००८-०९ च्या सुमारास आलेल्या एंजिनांत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट आले. ते फट आपण होऊन भरून काढतात. म्हणून तेथें जुळवणीचा स्क्रूच नाहीं, आणि म्हणूनच दांडीची लांबी चुकली तर सांवरण्यास टॅपेटच्या पोटांतील अल्पशा हालचालीखेरीज कांहींच नाहीं. २०२० पासून आलेल्या नव्या एंजिनांत कॅम वर हेडमध्येंच गेल्यामुळें दांडी नाहींशी झाली. अँबॅसडर मोटारीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. पण तिच्या जुन्या पेट्रोल एंजिनांतही दांड्याच होत्या, आणि तशा जपून ठेवलेल्या गाड्यांना हेच नियम लागू आहेत.

घरच्या माणसानें हत्यारें हातीं घेतलींच पाहिजेत असें नाहीं. त्यानें मिस्त्रीस चार प्रश्न विचारले तरी पुरे. जुन्या आणि नव्या हेडची उंची मोजून पाहिली काय? हेड आवळल्यावर दांडीचें माप घेतलें काय? फट बरोबर असतां स्क्रू मध्यावर आहे काय? सुरू करण्यापूर्वीं एंजिन हातानें दोन पुरे फेरे मोकळें फिरलें काय? या चारांचीं उत्तरें होकारार्थी आलीं तर पहिले कांहीं तास एंजिन चालवून, थंड झाल्यावर, पुस्तकांत सांगितलें असेल त्याप्रमाणें हेड पुन्हां आवळावें आणि फट पुन्हां तपासावी; कारण नवें गॅस्केट तापून बसतें आणि फट कमी होते.

या साऱ्या तपासणीस फार तर अर्धा दिवस लागतो. उसाला पाणी हवें असतांना अर्धा दिवस थांबणें कठीण वाटतें, हें खरें. पण घाईनें वाचविलेला अर्धा दिवस पुढें आठवडाभर एंजिन उघडें पडून परत द्यावा लागतो, आणि तेवढ्या अवधींत मराठवाड्याच्या उन्हांत पीक वाट पहात नाहीं. हेड नवें घेतलें कीं दांडी नव्यानें मोजावी, एवढें ज्या घरीं कळलें, त्या घरचें पाणी मध्येंच तुटण्याचें एक कारण तरी कायमचें कमी झालें.